दोन ग्रॅमची तूट: सोन्याच्या लगडीच्या पोटातलं टंगस्टन

मार्च २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका सोनेखरेदीदाराकडे एक किलोची लगड आली. सोबत मूळ प्रमाणपत्र होतं. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र) शुद्धता ९९.९८ टक्के दाखवली. खटकलं ते एवढंच की काट्यावर लगड ९९८ ग्रॅम भरली. खरेदीदाराने ती कापून घेतली, तेव्हा पिवळ्या कापात करडे गोल दिसले. सोनं पोखरून आत टंगस्टनच्या कांड्या बसवल्या होत्या. लगडीच्या वजनात ३० ते ४० टक्के टंगस्टन असावं, असा त्याचा अंदाज होता. कापलेल्या लगडीचे फोटो पुढे जगभरच्या सराफ्यात फिरले.

त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये दहा औंसाच्या लगडी अशाच निघाल्या. त्याआधी २०१० मध्ये जर्मनीत ५०० ग्रॅमच्या लगडीचं उदाहरण समोर आलं होतं. पण अभ्यासायला ब्रिटनची लगड सगळ्यात चांगली, कारण तिच्यात तुटीचा आकडा हाती आहे. दोन ग्रॅम हा आकडा नीट वाचला तर ठकाने कोणता माल वापरला आणि हात किती साफ होता, हे बरंच कळतं.

नेमकं टंगस्टनच का

शुद्ध सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३२ ग्रॅम, टंगस्टनची १९.२५. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बाकीचे धातू या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाहीत. चांदी १०.४९, शिसं ११.३४, टँटलम १६.६५. वरच्या बाजूला ऱ्हेनियम २१, प्लॅटिनम २१.४५, इरिडियम २२.५६. हे तिन्ही महाग, आणि जड असल्याने लगडीचं वजन उलट वाढवणारे. जवळचा म्हणावा असा दुसरा धातू युरेनियम, १९.०५. तो बाजारात मिळत नाही आणि किरणोत्सारीही आहे. स्वस्त, बिनविषारी आणि वजनात सोन्याशी जुळणारा धातू एकच उरतो. ‘टंगस्टन’ या स्वीडिश शब्दाचा अर्थच ‘जड दगड’.

वजन सोडलं तर या दोन धातूंत काहीही सारखं नाही. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, टंगस्टन ३४२२ ला. धातूंत सर्वात जास्त वितळणबिंदू त्याचाच. सोनं नखाने नाही तरी चाकूने ओरखडतं. टंगस्टन पोलादी कानसीला दाद देत नाही आणि थंड असताना ठोकलं तर वाकण्याऐवजी तडकतं. सोन्यात विजेचं वहन त्याच्या जवळजवळ अडीच पट. ध्वनीचा वेग उलट टंगस्टनमध्ये जास्त, सेकंदाला सुमारे ५२०० मीटर, सोन्यात ३२४०. चुंबकापुढे सोनं अगदी किंचित दूर सरतं, टंगस्टन अगदी किंचित ओढलं जातं. म्हणजे वजन आणि आकार हे दोन तपास सोडले तर टंगस्टन प्रत्येक तपासात उघडं पडायला हवं. तरीही ही लगड बाजारात खपत होती. कारण बाकीचे नेहमीचे तपास आतपर्यंत पोचतच नाहीत.

दोन ग्रॅमचा हिशेब

हिशेबापुरती एक लगड धरू: लांबी ८० मिमी, रुंदी ४० मिमी, जाडी साधारण १६ मिमी. एक किलो शुद्ध सोन्याचं आकारमान ५१.७६ घन सेंटिमीटर, म्हणजे मापं जुळतात. तिच्या आखूड बाजूकडून १० मिमी व्यासाची तीन भोकं शेजारीशेजारी पाडली, प्रत्येकात ७० मिमी लांबीची कांडी बसवली आणि तोंडं सोन्याने बुजवली. वर-खाली ३ मिमी आणि भोकांच्या मध्ये अडीच मिमी सोनं राहतं. तीन कांड्यांचं आकारमान मिळून १६.४९ घन सेंटिमीटर. निघालेलं सोनं ३१८.६ ग्रॅम, आत गेलेलं टंगस्टन ३१७.४ ग्रॅम. नुसत्या घनतेच्या फरकाने येणारी तूट १.१५ ग्रॅम. टंगस्टनचं प्रमाण ३२ टक्के, म्हणजे त्या खरेदीदाराच्या अंदाजातच.

आता तूट दोन ग्रॅमची आहे. उरलेल्या ०.८५ ग्रॅमचा जाब पोकळीने द्यायला हवा. तेवढं सोनं ०.०४४ घन सेंटिमीटर जागा व्यापतं. तिन्ही कांड्यांभोवती ती जागा वाटली तर भोक आणि कांडी यांच्या व्यासात फरक येतो फक्त ०.०१३ मिमी. बेअरिंगच्या बसवणीला शोभेल असं हे काम. भोक १० मिमीऐवजी १०.०५ मिमीचं पडलं असतं तर नुसत्या फटीमुळे आणखी ३.२ ग्रॅम कमी पडले असते आणि तूट चार ग्रॅमच्या वर गेली असती. ड्रिलने पाडलेलं साधं भोक इतकं नेमकं येत नाही. म्हणजे एकतर भोक रीमर (भोक घासून नेमकं करणारं हत्यार) फिरवून मापात आणलं होतं, किंवा फटीत वितळलेलं सोनं ओतून ती भरली होती. दुसरी शक्यता जास्त पटते, कारण तोंड बुजवायला सोनं ओतावंच लागतं.

या आकड्यातून मालाचाही सुगावा लागतो. वजनी वस्तूंसाठी बाजारात सहज मिळतं ते शुद्ध टंगस्टन नव्हे, ‘हेवी अलॉय’. टंगस्टनच्या भुकटीत निकेल-लोखंड किंवा निकेल-तांबं मिसळून भट्टीत बांधलेला हा मिश्रधातू विमानातली प्रतिवजनं आणि किरणोपचाराच्या यंत्रांतली किरणं अडवणारी पानं करायला वापरतात. तो यंत्रावर छान कापता येतो, पण त्याची घनता १७ ते १८.५. घनता १८ धरली तर तूट जवळजवळ २२ ग्रॅम. सीएनसी कातयंत्राच्या इन्सर्टमधलं, म्हणजे कापणाऱ्या टिपेतलं, टंगस्टन कार्बाइड तर १५ च्या आसपास. त्याने ७१ ग्रॅमचा खड्डा पडेल. शिसं भरलं असतं तर १३२ ग्रॅम. शुद्ध टंगस्टनसुद्धा नुसतं दाबून भाजलेलं असेल तर त्यात पाच टक्के पोकळी सहज राहते, म्हणजे १७ ग्रॅम कमी. दोन ग्रॅममध्ये बसायचं तर भाजल्यावर तापवून, ठोकून पूर्ण घट्ट केलेली शुद्ध टंगस्टनची कांडीच लागते.

अशी कांडी कोणी घरी बनवू शकत नाही. टंगस्टन ओतता येत नाही; ३४२२ अंशांना टिकेल अशी मूस आणायची कुठून? खनिजापासून आधी अमोनियम पॅराटंगस्टेट नावाचं पांढरं मीठ करतात. धंद्यात त्याला एपीटी म्हणतात. ते भाजून ऑक्साइड, मग हायड्रोजनच्या भट्टीत ऑक्साइडची धातूभुकटी, मग दाब देऊन सळई, मग दोन हजार अंशांच्या वर भाजणी, शेवटी तापवून ठोकणं आणि ग्राइंडिंग. एवढं सगळं कारखान्यातच होतं. तयार कांड्या मात्र विकत मिळतात. सर्वात ओळखीचं रूप म्हणजे टिग वेल्डिंगचा इलेक्ट्रोड, पुण्यात भोसरीतल्या वेल्डिंगच्या दुकानातही मिळणारा. त्याचे नेहमीचे व्यास १.६, २.४ आणि ३.२ मिमी. बारीक कांड्या जितक्या जास्त, तितकी फट जास्त आणि तूटही जास्त. शिवाय लाल टोकाच्या इलेक्ट्रोडमध्ये दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं; ते ऑक्साइड हलकं असतं, घनता १० च्या आसपास. हिशेब पाहता या कामाला तो इलेक्ट्रोड बसत नाही.

पहिल्या फळीचे तपास आणि त्यांची हद्द

कसोटीचा दगड आणि तेजाब पृष्ठभागाबद्दल बोलतात. लगडीचा पृष्ठभाग खराच होता, त्यामुळे तिथे प्रश्नच आला नाही.

एक्सआरएफचंही तेच, फक्त ते यंत्र असल्याने आणि पडद्यावर दोन दशांश दाखवत असल्याने लोक त्याच्यावर जास्त विश्वास टाकतात. क्ष-किरणाने सोन्यातून उठणारी खूण बाहेर येते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासच्या थरातून. इथे कवच तीन मिलिमीटरचं, म्हणजे त्या थराच्या काही शे पट. यंत्र खोटं बोललं नाही. त्याला जेवढं दिसत होतं तेवढंच त्याने सांगितलं. पातळ मुलाम्याच्या नाण्याबद्दल मात्र एक सूचना. टंगस्टनची एक क्ष-किरण रेषा ९.६७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि सोन्याची मुख्य रेषा ९.७१ वर; या दोन एकमेकींवर चढतात. म्हणून टंगस्टन शोधायचं तर ८.४० ची रेषा पाहायची. यंत्र ‘सोने’ पद्धतीवर लावलेलं असेल आणि धातूंच्या यादीत टंगस्टन नसेलच, तर हा घोळ आकड्यात कुठेही उमटत नाही.

पाण्यात बुडवून घनता काढणं हा सराफांचा जुना आणि चांगला तपास, पण तो तांबं, चांदी, शिसं पकडायला. या लगडीची घनता येते ९९८ भागिले ५१.७६, म्हणजे १९.२८. खऱ्या सोन्यापासून अंतर ०.२ टक्के. उन्हाळ्यात तीस अंशांवरच्या पाण्याची घनता १ नसून ०.९९५७ असते. ही दुरुस्ती न करता एक धरून हिशेब केला तर उत्तर ०.४ टक्क्यांनी चुकतं, शोधायच्या फरकाच्या दुप्पट. आणि चुकतंही वरच्या बाजूला: खोटी लगड १९.३६ दाखवते आणि पाहणारा निश्चिंत होतो. लगडीच्या खालच्या खळग्यात सहा मिमीचा एक हवेचा बुडबुडा राहिला तरी ०.२ टक्क्यांचा फरक पडतो, तो खालच्या बाजूला. पाणी उकळून थंड केलेलं, त्यात साबणाचा एक थेंब, तापमानाची दुरुस्ती आणि शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा, इतकं सगळं सांभाळलं तरी टंगस्टनसाठी या तपासावर निकाल देऊ नये. नुसतं वजन आणि व्हर्नियरची (बारीक मापं घेणारी पट्टी) मापं इथे जास्त बोलकी ठरतात. नावाजलेल्या रिफायनरीची किलोची लगड ९९८ ग्रॅमवर बाहेर पडत नाही. थोडी जास्त भरेल, कमी नाही.

विद्युतवाहकता मोजणारं भोवऱ्या प्रवाहांचं यंत्र खोल जातं, पण किती, ते कंप्रतेवर ठरतं. साठ किलोहर्ट्झवर सोन्यात त्याची पोच सुमारे ०.३ मिमी; एक किलोहर्ट्झवर २.४ मिमी. बाजारातली बरीच यंत्रं वरच्या कंप्रतेची असतात. नाण्याला आणि दहा ग्रॅमच्या बिस्किटाला ती उपयोगी, कारण तिथे कवच पातळ असतं. किलोच्या लगडीत तीन मिमी कवच असेल तर तीही बाहेरच राहतात. आणखी एक: हे आकडे २४ कॅरेटपुरतेच. २२ कॅरेटमध्ये तांबं-चांदी मिसळल्याबरोबर वाहकता कित्येक पटींनी घसरते, त्यामुळे दागिन्याच्या सोन्यावर हा तपास लावून ‘टंगस्टन सापडलं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

प्रमाणपत्र आणि क्रमांकाबद्दल फार बोलायला नको. लगड मुळात खरीच होती, नंतर कोरली गेली. त्यामुळे ठसा खरा, क्रमांक खरा, कागदही खरा. भारतात १६ जून २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला; पण तो शिक्काही मारला त्या क्षणाची साक्ष देतो, नंतर कोणी आतून काय केलं याची नाही.

ध्वनीने आत पाहणं

न कापता निकाल देणारा भरवशाचा तपास म्हणजे अल्ट्रासॉनिक जाडीमापक. ध्वनी आत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून तो जाडी काढतो. पाइप आणि टाक्यांची भिंत किती झिजली हे मोजायला कारखान्यांत वापरतात तोच, फक्त ध्वनीचा वेग हाताने भरता येईल असा हवा. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. यंत्र पोलादावर लावलेलं असतं, ५९२० मीटरवर. तसंच सोन्यावर टेकवलं तर १६ मिमीची खरी लगड २९ मिमी दाखवते आणि नको ती बोंब होते. आधी ३२४० भरायचे, मग खात्रीच्या लगडीवर पडताळायचं, आणि मगच संशयित माल घ्यायचा.

लगड पुसून कोरडी करायची, वर ग्लिसरिनचा थेंब टाकायचा म्हणजे प्रोब (यंत्राचा टेकवायचा भाग) आणि धातू यांच्यात हवा राहत नाही. प्रोब दोन ते पाच मेगाहर्ट्झचा. ओतीव लगडीतले कण मोठे असतात. जास्त कंप्रता घेतली तर आवाज आतच विखुरतो आणि आकडा स्थिर राहत नाही. भोकं लांबीच्या दिशेने पाडलेली असतात, म्हणून प्रोब रुंदीच्या दिशेने सरकवायचा, दर पाच मिमीला एक नोंद, आणि प्रत्येक जागी व्हर्नियरने जाडी घेऊन शेजारी लिहायची. ओतीव लगडीचा माथा मधे थोडा खचलेला असतो, त्यामुळे एकाच जागची जाडी सगळीकडे धरून चालत नाही.

खऱ्या १६ मिमी सोन्यातून ध्वनी जाऊन यायला ९.९ मायक्रोसेकंद लागतात. आपल्या हिशेबातल्या लगडीत कांडीच्या बरोबर मध्यावरून जाताना सहा मिमी सोनं आणि दहा मिमी टंगस्टन लागतं, ध्वनी ७.५५ मायक्रोसेकंदांत परत येतो आणि सोन्यावर लावलेलं यंत्र १२.२ मिमी दाखवतं. व्हर्नियर १६ म्हणतंय आणि यंत्र १२.२, यात वादाला जागा नाही. कांडी भोकात सैल असेल तर आणखी सोपं: फटीतल्या हवेवरून ध्वनी पूर्ण परततो आणि यंत्र ३ मिमी दाखवतं. कधी आकडा येतच नाही किंवा नाचत राहतो. त्यावर लगेच निकाल देऊ नये. आधी पृष्ठभाग आणि ग्लिसरिन पाहावं, लगड उलटी करून खालच्या सपाट बाजूने मोजावं. सपाट बाजूनेही रुंदीभर आकडे १६, १२, १६, १२ असे हेलकावत असतील तर आत कांड्या आहेत. सगळीकडे सारखाच चुकीचा आकडा येत असेल तर आधी यंत्रात भरलेला वेग तपासावा.

एवढं यंत्र नसेल तर दहा पटींचं भिंग घेऊन आखूड बाजू पाहाव्यात. ओतीव लगडीच्या कडा सारख्याच मंद असतात. एका टोकाला ठोकल्याच्या बारीक खुणा, जास्त चकाकी किंवा रवाळपणात फरक दिसला तर तिथे बूच असू शकतं. हा पुरावा नव्हे. पुढचा तपास कुठे करायचा, एवढंच तो सांगतो.

कापल्यावर आणि भट्टीत

ड्रिलने नमुना काढताना बहुतेक जण कोपरा गाठतात, कारण तिथे लगड कमी विद्रूप होते. कोपऱ्यात सोनंच असतं. तो कीस अग्निपरीक्षेला, म्हणजे भट्टीत शुद्धता काढायच्या तपासाला, पाठवला तर उत्तर ९९.९ येणार आणि संशय कायमचा मिटणार. भोक मध्यावरच घ्यायला हवं, आणि जाडीच्या अर्ध्याहून खोल. तीन मिमीपर्यंत साधा हायस्पीड ड्रिल पिवळ्या लांब कुरळ्या सोडत लोण्यात जावा तसा जातो. कांडी लागताच तो थांबतो, किंचाळतो, कुरळ्या बंद होतात आणि ड्रिलची धार निळी पडते. ड्रिल चालवणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. छिन्नीने किंवा कातरीने तोडताना सोनं दबून कापलं जातं, कांडी मात्र तडकन मोडते आणि तिचा तुटलेला तोंडवळा करडा, दाणेदार दिसतो.

शेवटचा निकाल भट्टीचा. भारतभर सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारे गलाई व्यावसायिक मोठ्या संख्येने सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले. कित्येक दूरच्या शहरांतल्या सराफ कट्ट्यांवर त्यांची मराठी ऐकू येते. त्यांच्या मुशीत ही लगड पडली तर काय होईल ते पाहण्यासारखं आहे. ग्रॅफाइटच्या मुशीत टाकणखार टाकून ११०० ते १२०० अंशांना सोनं पाण्यासारखं होतं. टंगस्टन जसंच्या तसं राहतं, सोन्यात विरघळतही नाही. घन सोन्यापेक्षा ते किंचित हलकं असलं तरी वितळलेल्या सोन्याची घनता १७.३ पर्यंत उतरलेली असते, म्हणून कांड्या तळाला बसतात. दांडीने ढवळताना तळाशी काहीतरी घरंगळतंय हे हाताला लागतं. मूस हळू कलंडली तर सोनं साच्यात जातं आणि कांड्या मागे राहतात. घाईने ओतली तर कांडी घसरून साच्यात पडते आणि सोनं उसळतं. मुशीत नुसतं डोकावणाऱ्याने चकाकत्या पृष्ठभागावर विसंबू नये, तळ चाचपावा.

तळाशी काही लागलं की ते टंगस्टनच, असंही नाही. आपल्याकडच्या बाजारात सोन्यात इरिडियम आणि रुथेनियमची भुकटी मिसळण्याचा प्रकार जास्त आढळतो. तीही सोन्यात विरघळत नाही, पण बारीक कणांच्या रूपात राहते. तारेत किंवा पत्र्यात ती ‘रवा’ म्हणून टोचते. टंगस्टन मात्र या धंद्यात अखंड तुकड्यानेच येतं, आणि वितळवलं नाही तरच टिकतं. त्यामुळे जी लगड लवकर भट्टीत जाणार, तिच्यात ते भरण्यात अर्थ नसतो. लॉकरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या, हातोहात विकल्या जाणाऱ्या, न कापल्या जाणाऱ्या लगडीच याचं लक्ष्य.

कांड्यांना चिकटलेलं सोनं सोडवायला अम्लराज चालतं: तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग नायट्रिक. सोनं विरघळतं, टंगस्टनवर पिवळ्या ऑक्साइडचा थर चढून ते जवळजवळ तसंच राहतं. अडचण गाळताना येते. हा पिवळा पदार्थ चिकट, मळीसारखा असतो आणि गाळणकागद बंद करतो. त्याच्यातही सोन्याचं पाणी अडकतं, म्हणून तो टाकून न देता आधी गरम पाण्याने तीन-चार वेळा धुवायचा. धुतलेला गाळ अमोनियात विरघळतो. तळाला खरोखर सोन्याचे कण राहिले असतील तर ते वेगळे दिसतात. धुण्याआधी अमोनिया कधीही ओतायचा नाही: सोन्याचं द्रावण आणि अमोनिया मिळून सुकल्यावर स्फोट होणारा पदार्थ तयार होतो. हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिकच्या मिश्रणात टंगस्टन झटपट विरघळतं हे खरं, पण सराफी खोलीत ते आम्ल आणूच नये.

भाव

टंगस्टनचा जागतिक भाव धातूच्या किलोत बोलला जात नाही. तो एपीटीचा, ‘मेट्रिक टन युनिट’मागे असतो. एक युनिट म्हणजे दहा किलो टंगस्टन ट्रायऑक्साइड, त्यात धातू ७.९३ किलो. २०१२ च्या सुमारास हा भाव ४०० डॉलरच्या आसपास होता, म्हणजे धातूला किलोमागे साधारण ५० डॉलर. आपल्या तीन कांड्यांतल्या कच्च्या धातूची किंमत सोळा डॉलर. तयार कांडी म्हणून कितीतरी पट जास्त, तरी शेकड्यातच. काढून घेतलेलं सोनं त्या वेळच्या औंसामागे १६५० डॉलरच्या हिशेबाने जवळजवळ १७ हजार डॉलरचं.

टंगस्टनचा बाजार त्यानंतर पार बदलला. जगातल्या खाणींतून वर्षाला निघणाऱ्या सुमारे ८० हजार टनांपैकी चारपंचमांशाहून जास्त चीनमध्ये निघतं. ४ फेब्रुवारी २०२५ ला चीनने एपीटी, ऑक्साइड आणि कार्बाइडच्या काही प्रकारांवर निर्यात परवान्याचं बंधन घातलं. वर्षाच्या सुरुवातीला ३४० डॉलरच्या आसपास असलेला एपीटी वर्षअखेर दुपटीच्या वर गेला. टंगस्टनचा सगळ्यात मोठा वापर कार्बाइडच्या हत्यारांत होतो, त्यामुळे चाकण-भोसरीच्या मशीन शॉपना ही वाढ इन्सर्टच्या किमतीतून पोचली आणि झिजलेल्या टिपांच्या डब्याला भंगारवाला आदराने बघू लागला. भारतात राजस्थानातली डेगानाची खाण केव्हाच बंद पडली आहे. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनचं खनिज आहे, पण तिथून धातू बाजारात येत नाही. माल आयातच करावा लागतो.

ठकाच्या हिशेबाला या तेजीने काहीच धक्का लागत नाही. टंगस्टन किलोमागे शंभर डॉलर धरलं तरी तीन कांड्यांना बत्तीस डॉलर. दरम्यान ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं औंसामागे चार हजार डॉलरच्या पुढे गेलं, म्हणजे त्या भावाने तेच ३१८ ग्रॅम चाळीस हजारांहून जास्त. दोन भावांतली दरी रुंदावलीच आहे.

अशी लगड वितळवून झाल्यावर हिशेब असा येतो: काट्यावर ९९८, साच्यात ६८० ग्रॅमच्या आसपास सोनं, मुशीत ३१७ ग्रॅम कांड्या. उरलेलं ग्रॅमभर गाळात, टाकणखाराच्या काचेत आणि मुशीच्या भिंतीला. कांड्या घासून पुसल्या की स्वच्छ शुद्ध टंगस्टन म्हणून भंगारात जातात, आणि तो पैसा गाळणीच्या आम्लालाही पुरत नाही.